हरकत घेणाऱ्यांची बाजू



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर जुनी कागदपत्रे जपली आणि लावली. म्हणून आजच्या काळातल्या कागदपत्रांविषयी बोलावे असे मी ठरवले. ही कागदपत्रे संगणकात तयार होतात आणि संगणकातच राहतात. ती कोणत्या साच्यात साठवायची, आणि त्या साच्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा द्यायचा की नाही, यावरून २००७ आणि २००८ या दोन वर्षांत जगभर मोठा वाद झाला. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ या फाइल फॉरमॅटचा तो प्रस्ताव होता. भारताने त्याला दोनदा विरोध केला, आणि मान्यता मिळाल्यावर त्या निर्णयाविरुद्ध अपीलही केले. तो विरोध योग्य होता असे माझे ठाम मत आहे. आज मी त्याचीच बाजू मांडणार आहे.

आधी फाइल म्हणजे काय ते पाहू. तुमच्या संगणकात नावापुढे ‘डॉक्एक्स’ असे शेपूट असलेली एखादी फाइल असेलच. तिची एक प्रत करा, ते शेपूट खोडून त्या जागी ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत काही कप्पे आणि बऱ्याच लहान लहान फाइली दिसतील. त्यांतल्या ‘डॉक्युमेंट’ नावाच्या फाइलीत तुमचा मजकूर असतो आणि त्याच्या आगेमागे कोनी कंसांत खुणा असतात: इथे परिच्छेद सुरू, हा शब्द ठळक, ही ओळ मधोमध. वर्ड हा प्रोग्राम या खुणा वाचतो आणि पान मांडतो. म्हणजे तुमच्या अर्जाचा, करारनाम्याचा, सभेच्या इतिवृत्ताचा अर्थ दोन ठिकाणी विभागलेला आहे. अर्धा फाइलीत आणि अर्धा ती वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये. फॉरमॅटचे मानक लिहायचे ते या दुसऱ्या अर्ध्यासाठी. ज्याने तो मूळ प्रोग्राम कधी पाहिलेलाही नाही अशा माणसाला निव्वळ मानक वाचून तसाच प्रोग्राम लिहिता आला पाहिजे. माझी सारी मांडणी या एका कसोटीवर उभी आहे.

वादाच्या आधी काय झाले ते थोडक्यात सांगतो. ‘ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट’ म्हणजे ओडीएफ हा ‘ओएसिस’ या संस्थेने मे २००५ मध्ये मानक म्हणून स्वीकारला. २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने त्याला २६३०० हा क्रमांक दिला. त्याची पाने साधारण सातशे. मधल्या काळात, सप्टेंबर २००५ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने जाहीर केले की १ जानेवारी २००७ पासून आपल्या खात्यांतली कागदपत्रे खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची आणि त्यासाठी ओडीएफ वापरायचा. सरकारी गिऱ्हाईक हातचे जाऊ शकते हे मायक्रोसॉफ्टला तेव्हा स्पष्ट दिसले असणार. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने आपला फॉरमॅट ‘एक्मा’ या संस्थेकडे दिला. एक्माने समितीला जे काम नेमून दिले त्यातच म्हटले होते की तयार होणारे मानक मायक्रोसॉफ्टच्या फॉरमॅटशी पूर्ण सुसंगत असले पाहिजे. उत्तर आधी ठरवून मग गणित मांडल्यासारखेच हे होते. साधारण वर्षभरात, डिसेंबर २००६ मध्ये, एक्मा-३७६ हे मानक संमत झाले. त्याची पाने सहा हजारांच्या वर होती.

मग हे बाड आयएसओकडे ‘फास्ट-ट्रॅक’ने गेले. इतरत्र तावूनसुलाखून निघालेले मानक पुन्हा पहिल्यापासून लिहायला नको, यासाठी हा मार्ग ठेवलेला आहे. त्यात आधी, हे अन्य मानकांशी विसंगत आहे का, हे सांगायला तीस दिवस मिळतात. नंतर मतदानासाठी पाच महिने. पाच महिन्यांत सहा हजार पाने म्हणजे सुट्ट्या न घेता रोज चाळीस पाने, तीही बारीक तांत्रिक भाषेतली. आणि ही वाचायची कोणी? प्रत्येक देशातल्या, या कामाचा पगार न घेणाऱ्या तज्ज्ञांनी, आपापली नोकरी सांभाळून. घाईने मंजूर करायला हरकत नव्हती असे ज्यांना वाटते, त्यांनी ही पाने एकदा चाळून पाहावीत.

ती ज्यांनी चाळली त्यांना काय सापडले ते जरा जवळून पाहू.

मानकाच्या वर्डविषयक विभागात ‘कम्पॅटिबिलिटी सेटिंग्ज’ नावाचा एक भाग होता. जुन्या आवृत्तींत केलेली कागदपत्रे नव्या आवृत्तीत उघडली तरी जशीच्या तशी दिसावीत यासाठीच्या खुणा त्यात होत्या. त्यांतल्या एका खुणेचे नाव ‘ऑटोस्पेस-लाइक-वर्ड-९५’. म्हणजे अक्षरांमधले अंतर वर्ड ९५ सोडत असे तसे सोडा. दुसरी खूण तळटिपांची मांडणी वर्डच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे करायला सांगते. तिसरी ओळ मोडण्याचे नियम वर्ड ९७चे वापरायला सांगते. चौथी अक्षरांची उंची वर्डपरफेक्ट या वेगळ्या प्रोग्रामच्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे छाटायला सांगते. बरे, वर्ड ९५ अंतर सोडत असे म्हणजे नेमके किती आणि कुठे? मानकातले उत्तर असे की हे वर्तन शब्दांत नीट सांगता येणार नाही, ज्याला ते हवे असेल त्याने त्या प्रोग्रामची नक्कल करावी, शक्यतो मात्र करू नये. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस, विकणाऱ्याच्या वडिलांना ठाऊक असलेल्या बांधापर्यंत’ असे लिहून कोणी आणले, तर दुय्यम निबंधक ते खत नोंदवून घेईल का? ज्याच्याकडे वर्ड ९५चा सोर्स कोड आहे त्यालाच या खुणेचा अर्थ कळणार, आणि तो जगात एकाच कंपनीकडे आहे. जी कंपनी मानक मंजूर करून मागत होती, तिच्याचकडे.

दुसरे उदाहरण तारखांचे. एक्सेल प्रत्येक तारखेला एक अनुक्रमांक देते. १ जानेवारी १९०० चा अनुक्रमांक १, पुढच्या दिवसाचा २, असे. या मोजणीत ६० वा दिवस येतो २९ फेब्रुवारी १९००. हा दिवस कधी उगवलाच नाही. ग्रेगरीय पंचांगात शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात असेल तरच ते लीप वर्ष, आणि १९०० ला ४०० ने भाग जात नाही. ही चूक ‘लोटस १-२-३’ या १९८३ सालच्या स्प्रेडशीट प्रोग्राममधली. त्याची शीट्स आपल्याकडे चालावीत म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून तशीच घेतली. व्यापारात अशी तडजोड होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक्माच्या मसुद्याने ती चूक मानक म्हणून लिहून ठेवली. त्यामुळे १९०० सालच्या पहिल्या दोन महिन्यांतले सगळे वार चुकतात. १ जानेवारी १९०० ला सोमवार होता, ही पद्धत रविवार सांगते. जगातल्या प्रत्येक नव्या प्रोग्रामने यापुढे हा खोटा दिवस मोजावा, असे एक आंतरराष्ट्रीय संस्था सांगणार होती. त्याच संस्थेचे ८६०१ हे तारखांचे मानक तेव्हा जगभर वापरात होते.

याच पद्धतीत १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून टाकताच येत नव्हती. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाचा तक्ता करायला बसलेल्या अभ्यासकाला दोन घटनांमधले दिवस मोजता येऊ नयेत, आणि या मर्यादेला मानकाचे नाव मिळावे, हे मला आजही खटकते. ओपनऑफिस या खुल्या प्रोग्राममध्ये अशा तारखा तेव्हाही चालत होत्या.

तिसरे उदाहरण आपल्या भाषेला थेट लागते. मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे फाइलीला सांगावे लागते, नाहीतर शुद्धलेखन तपासणे, शब्द तोडणे वगैरे होत नाही. त्यासाठी आयएसओची ६३९ ही मानके आहेत. त्यांत मराठीचा संकेत ‘एमआर’ आणि कोकणीचा ‘केओके’. एक्माच्या मसुद्यात भाषा सांगण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत क्रमांकांचीही सोय ठेवली होती. त्या यादीत मराठीचा क्रमांक १,१०२ आणि कोकणीचा १,१११. मराठीला क्रमांक मिळाला, मग अडचण काय, असे कोणी म्हणेल. खानदेशातल्या माझ्या मित्रांची बाजू घेऊन सांगतो: अहिराणीला आयएसओच्या ६३९-३ या भागात ‘एएचआर’ असा संकेत आहे, कंपनीच्या यादीत तिला जागा नाही. भाषेला जागा द्यायची की नाही हे एखाद्या कंपनीच्या दप्तरी ठरता कामा नये. आयएसओचा दरवाजा निदान अर्ज घेऊन ठोठावता येतो.

बाकीची उदाहरणे भराभर सांगतो. ए-४ हा कागदाचा आकार आयएसओच्याच २१६ या मानकातला, पण स्प्रेडशीटच्या भागात तो ‘९’ या क्रमांकाने ओळखायचा. गणिताच्या सूत्रांसाठी डब्ल्यू-३-सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे ‘मॅथएमएल’ असताना नवी, निराळी पद्धत. चित्रांसाठी एकाच मानकात दोन पद्धती, एक नवी आणि एक जुनी. कामाचे दिवस मोजण्याचे सूत्र शनिवार-रविवार सुट्टी धरूनच चालते. पश्चिम आशियातल्या अनेक देशांत तेव्हा शुक्रवार सुट्टीचा होता. आणि आपल्याकडे? महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार तेवढा सुट्टीचा असे. मंत्रालयातल्या कारकुनाने त्या सूत्राने मुदत मोजली असती, तर ती दर महिन्याला चुकली असती. पानाच्या कडेला छापायच्या नक्ष्यांची यादीसुद्धा मानकात होती: सफरचंदे, केकचे तुकडे, भोपळे. या सगळ्या गोष्टींचा एका विशिष्ट उत्पादनाशी संबंध आहे. जगाने मिळून काय ठरवावे याच्याशी तो फारसा नाही.

पेटंटचा मुद्दा वकिलांचा असला तरी सोडता येत नाही. या फॉरमॅटचा वापर करणाऱ्यांवर आपल्या पेटंटांसाठी दावा लावणार नाही, असे वचन कंपनीने दिले होते. पण कंपनीचे वचन कंपनीपुरतेच. टोरांटोच्या ‘आयफोरआय’ नावाच्या छोट्या कंपनीने वर्डमधल्या ‘कस्टम एक्सएमएल’ या सोयीबद्दल अमेरिकेत दावा लावला. २००९ मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि भरपाईची रक्कम सुमारे २९ कोटी डॉलरवर गेली. इतक्या मोठ्या आणि इतक्या घाईत आलेल्या मानकाच्या पोटात इतरांची पेटंटेही दडलेली असू शकतात, असे यावरून दिसते.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेतो, कारण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांचे म्हणणे असे: जगात अब्जावधी कागदपत्रे आमच्या प्रोग्राममध्ये तयार झाली आहेत. त्यांतला एकही बारकावा न गमावता ती खुल्या स्वरूपात आणायची तर त्यांच्या साऱ्या वाकड्यातिकड्या सवयींसह मानक लिहावे लागेल. बंद फॉरमॅटपेक्षा हे बरे नव्हे काय? बरे आहे, नक्कीच बरे आहे. कंपनीने आपल्या फॉरमॅटचे तपशील प्रसिद्ध केले, फेब्रुवारी २००८ मध्ये जुन्या बायनरी फाइलींचेही केले, त्याचे मी स्वागतच करतो. पण प्रसिद्ध करणे वेगळे आणि सर्वांनी यापुढे हेच पाळावे असे ठरवणे वेगळे. जुन्या सवयी जपायच्या तर त्या आधी पूर्ण लिहून काढायला हव्यात. ते न करता ‘आमच्यासारखे करा’ एवढेच लिहायचे आणि वर त्याला जपणूक म्हणायचे, हे मला पटत नाही.

ओडीएफ तरी निर्दोष होता का, असेही विचारले जाई. नव्हता. त्याच्या पहिल्या आवृत्तीत स्प्रेडशीटची सूत्रे कशी लिहावीत हेच सांगितलेले नव्हते. ती उणीव पुढे १.२ या आवृत्तीत भरून निघाली, पण त्यासाठी २०११ उजाडले. ही टीका मला मान्य आहे. मात्र ती उणीव कोणीही भरून काढू शकत होते, कारण तिचे उत्तर कुठल्या एका कंपनीच्या कपाटात कुलूपबंद नव्हते.

हा सगळा कंपनीद्वेष होता, या आरोपाचे उत्तर तर वादाच्या काळातच मिळाले. अडोबीने पीडीएफ हा आपला फॉरमॅट २००७ मध्ये आयएसओकडे दिला. तोही एका खासगी कंपनीचा, तोही फास्ट-ट्रॅकने. जुलै २००८ मध्ये ३२००० या क्रमांकाने तो मानक म्हणून प्रसिद्ध झाला आणि कोणीही रस्त्यावर उतरले नाही. कारण पीडीएफचा तपशील कित्येक वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होता आणि अडोबीशी संबंध नसलेल्या अनेकांनी तो वाचून स्वतःचे प्रोग्राम लिहिले होते. परक्याला तो बनवता येतो हे आधी सिद्ध झाले, मानक नंतर आले. आज शासन निर्णय पीडीएफमध्ये निघतात आणि ते वाचायला कोणाला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामागे हा क्रम आहे.

मतदानाकडे वळतो. २ सप्टेंबर २००७ ला पहिली फेरी संपली. मान्यतेला दोन अटी होत्या: पूर्ण सहभागी देशांपैकी दोन-तृतीयांश अनुकूल हवेत आणि एकूण मतांत एक-चतुर्थांशाहून जास्त विरोध नको. अनुकूल मते ५३ टक्के पडली, विरोध २६ टक्के झाला. प्रस्ताव दोन्ही अटींवर पडला.

पण या फेरीत जे घडले त्याने अनेकांचा मानकसंस्थांवरचा विश्वासच हलला. स्वीडनच्या मानकसंस्थेत मतदानाच्या तोंडावर वीसहून अधिक कंपन्या अचानक शुल्क भरून सदस्य झाल्या. मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने आपल्या भागीदार कंपन्यांना पत्र लिहून सदस्य होण्याच्या बदल्यात विपणनासाठी मदत देऊ केल्याचे उघड झाले. ते पत्र जायला नको होते हे कंपनीनेही मान्य केले. एका सदस्याने एकाहून जास्त मते दिल्याच्या तांत्रिक कारणाने शेवटी स्वीडनचे मतच रद्द झाले. आयएसओच्या संबंधित उपसमितीतही शेवटच्या काही आठवड्यांत अनेक देशांनी आपला दर्जा वाढवून पूर्ण सहभागी करून घेतला. त्यांत सायप्रस, माल्टा, जमैका, लेबनॉन, आयव्हरी कोस्ट होते. तसे करायचा त्यांना हक्क आहे. पण या एका मतदानानंतर उपसमितीच्या बाकीच्या कामात यांतल्या बहुतेकांनी मतच दिले नाही, आणि किमान मतदानाअभावी इतर विषयांची कामे अडकून पडली. एका मानकासाठी भरलेली खोली दुसऱ्या मानकाच्या वेळी रिकामी. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या जुन्या सदस्यांना तेव्हा काय वाटले असेल याची कल्पना करा.

पहिल्या फेरीत देशांनी साडेतीन हजारांच्या आसपास हरकती पाठवल्या होत्या. पुनरावृत्ती वगळून एक्माने त्यांना १,०२७ उत्तरे दिली. त्यांवर निर्णय घ्यायला फेब्रुवारी २००८ च्या शेवटच्या आठवड्यात जिनिव्हात बैठक झाली. पाच दिवसांची. १,०२७ उत्तरे आणि पाच दिवस! समोरासमोर चर्चा झाली ती थोड्यांवर. उरलेल्या बहुसंख्य उत्तरांवर कागदी मतपत्रिकेने एकगठ्ठा निर्णय घेतला गेला. नंतर देशांना मत बदलायला २९ मार्चपर्यंत मुदत मिळाली, आणि अनेकांनी ते बदलले. नॉर्वेत समितीतल्या बहुतेक सदस्यांचा विरोध असताना मानकसंस्थेच्या अधिकाऱ्यांनी देशाचे मत अनुकूल केले. ओस्लोत लोकांनी फलक घेऊन निदर्शने केली. फाइल फॉरमॅटसाठी! त्याच वर्षी त्या समितीच्या २३ पैकी १३ सदस्यांनी राजीनामे दिले. अंतिम निकालात अनुकूल मते ७५ टक्के, विरोध १४ टक्के. प्रस्ताव संमत झाला.

भारताचे मत मात्र हलले नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या समितीत सरकारी खाती होती, शिक्षणसंस्था होत्या, दोन्ही पक्षांच्या कंपन्या होत्या. ऑगस्ट २००७ मध्ये तिने हरकतींसह विरोध नोंदवला. मार्च २००८ मध्ये जिनिव्हातली उत्तरे पाहून पुन्हा मतदान झाले, तेव्हा १३ मते विरोधात आणि ५ बाजूने पडली. देशातल्या काही मोठ्या आयटी कंपन्या प्रस्तावाच्या बाजूने होत्या, त्यांचा दबाव कमी नव्हता. तरीही समितीने वाचून, मतदान करून निर्णय घेतला आणि ब्यूरोने तो जसाच्या तसा जगापुढे ठेवला. नॉर्वेसारखे वरून फिरवले नाही. आपल्या सरकारी संस्थांवर आपण रोज टीका करतो, करावीही. पण या एका प्रसंगात ब्यूरोने जे केले त्याचा मला अभिमान आहे. भारताबरोबर चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, कॅनडा, न्यूझीलंड हेही विरोधात राहिले. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी प्रक्रियेविरुद्ध अपील केले. ऑगस्टमध्ये ते फेटाळले गेले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये आयएसओ २९५०० प्रसिद्ध झाले.

विरोध करणाऱ्या देशांना एवढे का लागले, हे समजायला जागतिक व्यापार संघटना आठवावी लागते. १९९५ पासून सदस्य देशांवर बंधन आहे की तांत्रिक नियम करताना, योग्य आंतरराष्ट्रीय मानक असेल तर तेच पायाभूत धरायचे. म्हणून आयएसओच्या शिक्क्याला निव्वळ प्रतिष्ठेपेक्षा जास्त अर्थ आहे. सरकारी खरेदीच्या निविदेत ‘आंतरराष्ट्रीय मानकानुसार’ असे शब्द आले की तो शिक्का असलेले उत्पादन आत येते. एकाच कामासाठी दोन मानके झाली की निविदा लिहिणारा कारकून हातात असलेलेच निवडतो. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, त्यात एका कामाला एकच आणि विनाशुल्क मानक असावे यावर भर आहे. त्या धोरणामागे या वादाचा अनुभव होता असे मी मानतो.

आपण मराठी माणसांनी तर हे स्वतः सोसलेले आहे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे मानक तयार झाले होते, आयएस १३१९४. तरीही छपाईच्या आणि ऑफिसच्या दुनियेत ज्याच्या त्याच्या फॉन्टचे ज्याचे त्याचे संकेत चालू राहिले. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलीत साठतात ती ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे. फॉन्ट गेला की शब्द गेला. शोधायला गेलात तर सापडत नाही, अकारविल्हे लावायला गेलात तर रोमन क्रमाने लागतो. नव्वदच्या दशकात अशा संकेतांत अक्षरजुळणी झालेली पुस्तके, विशेषांक, स्मरणिका यांच्या फाइली आज उघडून पाहा. युनिकोडमध्ये आणायला बसले की जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, आणि प्रत्येक पान माणसाने तपासावे लागते. पुण्याच्या पुराभिलेखागारातले अठराव्या शतकातले मोडी कागद मात्र आज कोणीही मोडी शिकून वाचू शकतो. त्या लिपीचे नियम कुठल्या एका घराच्या मालकीचे कधीच नव्हते.

मग हरकती घेऊन मिळाले काय? हरलेल्या बाजूला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. या प्रसंगात त्याचे उत्तर छापील स्वरूपात आहे. जिनिव्हानंतर मानकाचे दोन वर्ग झाले, ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘ट्रान्झिशनल’. वर्ड ९५सारख्या खुणा, चित्रांची जुनी पद्धत, हे सारे ट्रान्झिशनलमध्ये ढकलले गेले. नव्या कागदपत्रांत ते वापरायचे नाही असे ठरले. तारखा आयएसओच्या पद्धतीने लिहिता येऊ लागल्या. जुन्या खुणांचे वर्तन शब्दांत लिहून काढावे लागले. शब्दांत सांगता येणार नाही असे जे म्हटले होते, ते मागितल्यावर लिहिले गेले! ज्या देशांनी पाने वाचून, कलमाचा क्रमांक घालून, काय चुकले आणि त्याऐवजी काय हवे हे लिहून पाठवले, त्यांचे हे काम. नव्या मानकाचा जो काही चांगला भाग आहे, त्यातला बराचसा हरकतदारांनी घडवला आहे.

अंमलबजावणीत मात्र पुन्हा ढिलाई झाली. ऑफिस २०१० ला स्ट्रिक्ट फाइली वाचता येत होत्या, लिहिता येत नव्हत्या. जिनिव्हाच्या बैठकीचे संयोजक अलेक्स ब्राऊन यांनीच २०१० मध्ये जाहीरपणे लिहिले की कंपनी आपल्याच मानकाच्या परीक्षेत नापास झाली आहे. २०१३ च्या आवृत्तीपासून स्ट्रिक्टमध्ये साठवण्याची सोय आली, पण आपण न विचारता ‘सेव्ह’ केले की फाइल ट्रान्झिशनलमध्येच जाते. म्हणजे तात्पुरती म्हणून ठेवलेली वाटच हमरस्ता झाली. ब्रिटनच्या सरकारने जुलै २०१४ मध्ये संपादन करायच्या कागदपत्रांसाठी ओडीएफ निवडला. आपल्याकडे २०१० चे धोरण आहे, पण जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या निविदेत ते कितपत उतरते हे तुम्ही एखादी निविदा मागवून पाहू शकता.

या सभागृहात नगरसेवक आहेत, मुख्याध्यापक आहेत, सहकारी बँकेचे संचालक आहेत, म्हणून शेवटी दोन कामे सांगतो. तुमच्या संस्थेत पुढच्या वेळी ऑफिस सॉफ्टवेअर किंवा कागदपत्रे सांभाळणारी प्रणाली घेताना निविदेत ओडीएफ किंवा स्ट्रिक्ट असे स्पष्ट लिहा. नुसते ‘आयएसओनुसार’ लिहू नका. आणि स्वीकारण्याआधी मराठी मजकूर, तक्ते, तळटिपा असलेली तुमची शंभरेक पानांची एक खरी फाइल वेगवेगळ्या उत्पादकांच्या दोन प्रोग्राममध्ये उघडून पाहा. दुसरे काम ब्यूरोचे. ब्यूरो आपल्या मानकांचे मसुदे अभिप्रायासाठी प्रसिद्ध करतो; ते वाचून अभिप्राय पाठवा. अभिप्रायाच्या तक्त्यात कलमाचा क्रमांक, हरकत सर्वसाधारण आहे की तांत्रिक की संपादकीय, हरकत काय, आणि त्या जागी कोणता मजकूर हवा, असे रकाने असतात. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. २००७ मध्ये ज्या हरकतींना उत्तर द्यावेच लागले, त्यांत तो भरलेला होता.